तिसरं उत्तर

"अगं, तुझ्यासाठी सईनं टीव्हीचं अख्खं गाइड बनवलं म्हणे! नशीबवान आहेस हो."

नीलाकाकू हे सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. अमेरिकेतल्या रेडमंडमधलं त्यांचं घर. शनिवारची दुपार. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला. माझ्या हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये कोथिंबीर वडी. आजूबाजूला पंधरा-वीस मराठी माणसं. कुणीतरी "सो स्वीट" म्हणालं. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सई शेजारीच उभी होती. ती हसली. "काहीतरीच काय काकू! टीमवर्क आहे ते."

ते गाइड मी बनवलं होतं. आठ महिने खपून. सईनं त्याचे रंग आणि अक्षरं निवडली होती.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "हो ना." वडी खाल्ली. वर काकूंना म्हणाले, छान झालीय.

त्या 'हो ना'ची लाज मला अजून वाटते. काकूंच्या बोलण्यापेक्षा जास्त.

मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. दहा वर्षांची असल्यापासून. समोरच्या माणसाचा चेहरा पुसलेला असतो, पण त्याच्या खांद्यामागची खिडकी दिसते. त्यामुळे मी कुणाकडे बघते तेव्हा त्याला वाटतं, ही दुसरीकडेच बघतेय. अक्षरं वाचता येत नाहीत. कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो, फोनही. काठी लागत नाही. गाडी चालवता येत नाही. रेडमंडमध्ये ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

सोलापूरच्या घरी टीव्ही लागला की आई मला सांगत बसायची. "आता तो दारात आलाय. आता तिनं चिठ्ठी लपवली." मग गोष्ट रंगात यायची आणि आई स्वतःच बघण्यात बुडायची. "थांब गं जरा." सगळे हसायचे. मग मला कळायचं की हसण्यासारखं काहीतरी झालं. मी उशिरा हसायचे. एकटी.

शिकायला अमेरिकेत आले तेव्हा कळलं की इथे काही कार्यक्रमांना आणखी एक आवाज असतो. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा. वर्णनाचा आवाज. रूममेट्सबरोबर बसून पहिल्यांदा ऐकला आणि मी त्यांच्या बरोबरच हसले. त्याच क्षणी. मला आनंद झाला नाही. राग आला. इतकी वर्षं हे असू शकत होतं.

पण हा आवाज कुठल्या कार्यक्रमाला आहे ते शोधायचं कसं? टीव्हीवरची कार्यक्रमांची यादी म्हणजे नुसत्या चौकटी. डोळस माणूस एका नजरेत बघतो. मला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स वाचून दाखवायचा, "बटन. बटन. बटन."

मला नोकरी लागली ती नेमकी अशा बॉक्सचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत. रोज प्रत्येक चॅनल आम्हाला एक फाइल पाठवतं. डेटा फीड. कुठला कार्यक्रम, कधी, किती वेळ. त्यात एक रकाना असतो, वर्णनाचा आवाज आहे की नाही याचा. त्या फाइलींमधून मी कानांनी वाचता येईल अशी यादी बनवली. एका ओळीत एक कार्यक्रम. नाव, वेळ, आवाज आहे की नाही. बस्स.

एक चॅनल त्या रकान्यात एक अक्षर टाकायचं. दुसरं आकडा टाकायचं. तिसरं काहीच टाकायचं नाही. ऑफिसचा जुना नियम होता, रकाना रिकामा म्हणजे 'नाही'. मला तो नियम पटेना. मी ते 'नाही'वाले कार्यक्रम लावून ऐकायला लागले. दुपारचा डबा डेस्कवर, कानात हेडफोन. कितीतरी कार्यक्रमांना वर्णनाचा आवाज होता. आवाज होता आणि आमची यादी छातीठोकपणे सांगत होती की नाही. ते ऐकून माझ्यासारखं कुणीतरी टीव्ही बंद करत असणार.

म्हणून मी तिसरं उत्तर घातलं. आहे. नाही. आणि 'चॅनलने सांगितलेलं नाही'.

हे मी सगळ्यात आधी सईला सांगितलं. तिच्या गाडीत.

सई पुण्याची. आई-बाबा दोघंही डॉक्टर. माझ्याच वयाची, माझ्याच टीममधली, माझ्या घरापासून दोन वळणांवर राहणारी. रोज मला घ्यायला यायची. पाऊस असला की दाराशी अगदी चिकटून गाडी लावायची, मला भिजू द्यायची नाही. ती वाईट मुलगी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तिचा राग करणं त्यामुळे फार अवघड होतं. जिच्या गाडीत रोज बसायचं तिच्याशी भांडायचं कसं?

आणि मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही. पोटात दुखेल असा. ती एका हातानं गाडी चालवायची, दुसऱ्या हातानं केस सारखे करायची आणि त्याच वेळी फोनवर आईशी वाद घालायची. मीटिंगमध्ये अर्धवट वाक्य बोलायची आणि लोक ते पूर्ण करून घ्यायचे. चुकली तर म्हणायची, "ओह, माय बॅड," आणि पुढे जायची. मी एक वाक्य मनात चार वेळा घोळवायचे. व्याकरण तपासायचे. तोंड उघडेपर्यंत मीटिंग दुसऱ्या विषयावर गेलेली असायची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं मला इंग्रजी दिलं होतं. बोलायची पाळी दिली नव्हती.

त्या शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापिका मला पुढे बोलवायच्या. एखादी इंग्रजी कविता म्हणायला लावायच्या. कविता संपायच्या आत टाळ्या. दुसऱ्या मुलींना पडायच्या त्यापेक्षा मोठ्या. पण गॅदरिंगच्या नाटकात मला कधी भूमिका मिळाली नाही. त्या टाळ्या कशासाठी असतात ते मला आठवीतच कळलं होतं.

गाडीत मी सईला तिसऱ्या उत्तराबद्दल सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते मीटिंगमध्ये सांगितलं. "वी रियलाइज्ड," असं म्हणून. आमची मॅनेजर लिंडा म्हणाली, "ब्रिलियंट, सई." मी कडेच्या नजरेनं सईची मान हलताना पाहिली. गाडीत ती म्हणाली, "तू बोलत नाहीस म्हणून मी बोलले गं. नाहीतर राहूनच गेलं असतं यार." तेही खरं होतं. त्यामुळे मी परत गप्प.

काकूंकडच्या त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी मोठा डेमो होता. एका मोठ्या चॅनलचे लोक येणार होते. त्यांना आवडलं तर यादी सगळ्या बॉक्सवर जाणार होती. सोमवारी सईनं मला रिहर्सलला बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच.

"मी प्रेझेंट करते. तू युजर हो."

"म्हणजे?"

"म्हणजे तू रिमोट घेऊन सोफ्यावर बस. मी सांगेन ते बटन दाब. लोकांना एकदम टच होईल बघ."

"पण मी तर हे लिहिलंय."

"हो गं, ते सगळ्यांना माहितीये. पण युजर म्हणून दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

मी रिमोट हातात घेतला. मग ती म्हणाली, "आणि ऐक, ते 'चॅनलने सांगितलेलं नाही' मी डेमोपुरतं काढलंय. लिस्ट घाण दिसते. एक साफ फाइल बनवलीय, रिकामं असेल तिथे सरळ 'नाही'."

"ते खोटं आहे, सई."

"अगं, डेमो आहे. कोण बघतंय?"

मी परत सांगितलं. ती "बघू, बघू" म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"ऐक ना, गॉगल आहे का तुझ्याकडे? काळा? म्हणजे तू ब्लाइंड दिसतच नाहीस गं." आणि लगेच हसली. "जोक, जोक!"

तो जोक नव्हता. मी हो म्हणाले असते तर तिनं गॉगल घालायला लावला असता.

डेमोच्या दिवशी मी सोफ्यावर बसले. गॉगल नाही. हातात रिमोट. चॅनलकडून तिघं आले होते, त्यातला ग्रेग नावाचा उंच माणूस मुख्य. लिंडा भिंतीशी. सई मधोमध उभी. तिचा आवाज मोकळा, खेळकर. तो आवाज ऐकताना तेव्हाही मला हेवा वाटला. असं बोलता यायला हवं होतं मला.

"मीट अवर युजर," ती म्हणाली आणि माझं नाव सांगितलं. नुसतं नाव. हुद्दा नाही.

तिनं सांगितलं, मी बटन दाबलं. बॉक्स वाचायला लागला. एक ओळ, एक कार्यक्रम. खोलीत कुणीतरी "वॉव" म्हणालं. ते माझ्या कामाला होतं आणि सईकडे बघून होतं. बॉक्सनं ग्रेगच्याच चॅनलवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम वाचला. नाव. वेळ. वर्णनाचा आवाज, नाही.

मागच्याच आठवड्यात मी तो कार्यक्रम ऐकला होता. त्या आवाजानं मला सांगितलं होतं की कांदा कुठवर परतायचा, त्याचा रंग कसा झाला.

मग ग्रेगनं विचारलं. मला नाही. सईला.

"डज शी लाइक इट?"

मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्याला माझा आवाज ऐकू आला असता, माझा श्वासही ऐकू आला असता. तरी प्रश्न तिला.

सई म्हणाली, "शी लव्ह्ज इट."

"नो," मी म्हणाले.

एकच शब्द. मनात न घोळवलेला. इतका मोठा निघाला की मीच दचकले.

लिंडाची खुर्ची करकरली. सई हसून काहीतरी बोलायला लागली, मी तिच्या बोलण्यावरून बोलत गेले. मी ग्रेगला म्हणाले की मी युजर नाही, ही यादी मी लिहिली आहे. आत्ता जे ऐकलंत ते मी लिहिलेलं नाही. तुमच्या या कार्यक्रमाला आवाज आहे, मी ऐकलाय. तुमच्या फाइलीत तो रकाना रिकामा आहे आणि आम्ही त्याला 'नाही' म्हणतोय. मी खरं दाखवते.

चार बटनं दाबली की बॉक्स डेमोची फाइल सोडून खऱ्या फीडवर जातो. ती सोय तपासणीसाठी मीच ठेवली होती. मी ती दाबली. बॉक्स वाचायला लागला. चॅनलने सांगितलेलं नाही. चॅनलने सांगितलेलं नाही. चॅनलने सांगितलेलं नाही. ग्रेगच्या चॅनलच्या संध्याकाळच्या सात कार्यक्रमांपैकी पाच. सगळी यादी होईपर्यंत मी थांबवलं नाही.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी "वॉव" म्हणालं नाही. ग्रेगनं घसा साफ केला आणि विचारलं की कुठला रकाना. मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. ते लोक ठरलेल्या वेळेच्या आधी गेले.

लिंडानं मला लहान खोलीत बोलावलं. म्हणाली, तुझं म्हणणं बरोबर होतं, पण ही जागा नव्हती. सईला सॉरी म्हणशील का? मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, आपण टीम आहोत. मी म्हणाले, टीममध्ये मी कोण आहे ते स्लाइडवर लिहा.

सई पार्किंगमध्ये माझी वाट बघत होती. गाडी चालू होती, दार बंद होतं.

"आधी सांगायचं ना मला."

"दोनदा सांगितलं."

"सगळ्यांसमोर माझा पोपट केलास तू. आणि कशासाठी? एका रकान्यासाठी?" तिचा आवाज थरथरत होता. तो तसा मी कधी ऐकला नव्हता. "डेटाचा प्रॉब्लेम नाहीये तुला. माझा प्रॉब्लेम आहे. जळतेस तू माझ्यावर."

"हो," मी म्हणाले.

तिला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

"जळते. आणि डेटाही खोटा होता. दोन्ही."

ती गेली. मी बसस्टॉपवर गेले. दोन बस बदलून घरी पोचायला दीड तास लागला. तेव्हापासून रोज लागतो.

लोक सांगतात, हेवा वाईट. मन मोठं करावं. मी इतकी वर्षं मन मोठंच करत आले. पाहुण्यांसमोर कविता म्हटली ती मन मोठं करून. काकूंना 'हो ना' म्हणाले ते मन मोठं करून. त्या मोठ्या मनात प्रत्येकानं आपापलं सामान ठेवलं. हेवा मात्र माझा एकटीचा होता आणि तो एकच गोष्ट सांगत होता. तिच्याकडे जे आहे त्यातलं काही माझं आहे. तिचे डोळे माझे नाहीत, तिचं घर माझं नाही, तिचा मोकळा आवाज माझा नाही. पण ती जिथे उभी होती ती जागा माझी होती. हेवा गेलेला नाही. तो जावा म्हणून मी काही करणारही नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या चॅनलसमोर डेमो आहे. काल लिंडाची मेल आली. या वेळी तू मागे बसून फीड सांभाळशील का, म्हणजे तुला ताण नको. कॉम्प्युटरनं मला ती त्याच्या सपाट आवाजात वाचून दाखवली. मी दोनदा ऐकली.

मग उत्तर लिहिलं. नाही. मी समोर उभी राहणार. यादी खरी असेल, तीन उत्तरांची. स्लाइडवर माझं नाव असेल आणि नावापुढे इंजिनिअर असेल. हे मान्य नसेल तर डेमो माझ्या यादीशिवाय करा.

शेवटी हात सवयीनं 'थँक्स' लिहून गेला. कॉम्प्युटरनं तो शब्द वाचला. मी तो खोडला आणि मेल पाठवली.