दोन नकार

ती रुग्णवाहिकेवर रुजू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात गाडीच्या ड्रायव्हरमामांनी तिचं नाव ठेवलं, ‘कायदेबाई’. पेशंटला हात लावण्याआधी ही विचारणार, ‘मदत करू का?’ जे केलं ते मिनिटासकट लिहिणार. मामांना कायम घाई, हिचं सगळं रीतसर. तरी चार वर्षं दोघांचं छान जुळलं होतं.

एकदा भर दुपारी बाजारातून फोन आला. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात म्हातारा धिंगाणा घालतोय म्हणे. दोघं पोचली तर दारात ही गर्दी! आत दुकानाचे मालक, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणत, काउंटरला टेकून बसलेले, शर्ट घामाने चिंब, जीभ जड. चिमटे, सुटे काटे जमिनीवर विखुरलेले.

“हात लावू नका! चालते व्हा!” ते ओरडले.

“प्यायलाय हो,” शेजारचा दुकानदार म्हणाला. “नको म्हणतोय ना, मग सोडा.”

दारूचा वास तर नव्हता. दर रविवारी तिच्या वडिलांशी बुद्धिबळ खेळायला येणारा हा माणूस आज तिला ओळखतसुद्धा नव्हता.

“काका, आज वार कोणता?”

ते नुसते बघत राहिले.

ज्याला वार सांगता येत नाही, त्याच्या नकारावर विसंबायचं नसतं. शुद्धीत असता तर हो म्हणाला असता, असं धरून चालायचं. नियमच तसा होता. गर्दीत दोघेतिघे मोबाइल उगारून उभे होते, म्हणून तिने आधी शटर अर्धं खाली ओढायला लावलं. बोट टोचून रक्तातली साखर पाहिली, फक्त अडतीस; धोक्याइतकी कमी. केंद्रावरच्या डॉक्टरांना फोन लावून ग्लुकोजची परवानगी घेतली. मामांनी हात धरला. पहिल्यांदा शीर हुकली, दुसऱ्यांदा लागली.

पाच-सात मिनिटांत घड्याळजी माणसात आले. तिने पुन्हा वार विचारला.

“मंगळवार. आणि तुझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे,” ते म्हणाले. “आता मी ठणठणीत आहे. दवाखाना नको.”

“उचलूया सरळ,” मामा कुजबुजले.

“नाही मामा. आता त्यांचा नकार खरा आहे.”

ती जमिनीवर त्यांच्यासमोर बसली. मधुमेहाच्या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरेल, घरी एकटे असताना उतरली तर जिवावर बेतेल, हे तिने न घाबरवता सांगितलं. “सही करून तुम्ही इथे थांबू शकता. पण का नको, तेवढं सांगा.”

त्यांनी जमिनीवरचा एक सुटा काटा उचलून काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, “चाळीस वर्षं या बाजारात बसलोय. दारुड्यासारखं उचलून न्याल मला?”

“मग चालत चला.”

मामांनी गाडी थेट पायरीला लावली. घड्याळजींनी तोंड धुतलं, तिचा हात धरून दोन पावलं टाकली आणि गाडीत बसले.

दवाखान्यात खाट मिळेना. मामांची चुळबुळ सुरू झाली. “पोचवलं ना? चल!”

“कुणी ताबा घेतल्याशिवाय ते आपलेच.”

अर्ध्या तासाने नर्सने सही केली, तेव्हाच ती हलली. संध्याकाळी त्यांची साखर खरंच पुन्हा उतरली; पण तेव्हा शेजारी डॉक्टर होते.

अहवालात तिने हुकलेली सुईही लिहिली. “हे कशाला?” मामांनी कपाळावर हात मारला.

“घडलं ना? मग?”

आठवड्याने घड्याळजींचा पुतण्या तणतणत केंद्रावर आला. काकांच्या हातावर काळानिळा डाग, जबरदस्तीने सुया टोचल्या! साहेबांनी अहवाल उघडून त्याच्यापुढे ठेवला. पहिला नकार, साखर, डॉक्टरांचा होकार, हुकलेली शीर, दुसरा नकार, स्वतःहून दिलेली संमती. पुतण्याने तो दोनदा वाचला. “माफ करा ताई,” एवढंच म्हणाला.

घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. वडिलांनी विचारलं तरी, ‘होता एक पेशंट’, बस्स. मधला एक रविवार घड्याळजी खेळायला आले नाहीत; पुढच्या रविवारी येऊन त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, तेव्हा वडील पट सोडून उठले.

“माझा दोस्त मरता मरता वाचला आणि तू मला कळूही दिलं नाहीस?”

“ते सांगायचं की नाही, हे काकांनी ठरवायचं ना, बाबा.”

वडिलांनी रागावून पाहायचा प्रयत्न केला, पण काही जमेना. “ऐकलंत?” ते घड्याळजींना म्हणाले, “ही अशी आहे बघा आमची लेक!” आणि डोळे पुसायला उगाचच आत गेले.