उंच टोपीचा दरबार

आमच्या पार्ल्यातल्या इमारतीखाली ऋताने कॅफे काढला, तोही म्हणे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. बाहेर मोकळ्या जागेत नक्षीच्या लोखंडी खुर्च्या, खोटे गॅसचे दिवे आणि दाराशी लांब काळा कोट, उंच काळी टोपी घातलेला वॉचमन नंदकुमार. राहणारा मालाडचा, मूळचा कुडाळकडचा. भर मे महिन्यात त्याला कोटात बघून मला हसू आवरेना.

ऋताची ताकीद एकच. "नंदूकाका, ताठ उभं राहायचं. बोलायचं नाही. साहेब बोलत नसतो."

महिना होत आला तरी बाहेर कोणी बसेना. लोक टोपीकडे बघत आणि आपल्याला परवडायचं नाही म्हणून पुढे जात. शेवटी शनिवारी ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "काका, उद्याचा रविवार बघते. नाहीतर खुर्च्या आत, आणि तुम्हालाही..." नंदूचा चेहरा एवढासा झाला.

रविवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन परतत होते. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून नंदूला विचारलं, "काय मामा, बँडवाले पुढे गेले नि तुम्ही मागेच राहिलात?"

नंदूने एकदा काचेतून आत पाहिलं. मग असा काही गरजला की माझ्या हातातली मेथी खाली पडली. "कोण आहे रे तिकडे? आमच्या राज्यात विनापरवाना हसणारा हा कोण?"

हा गावच्या जत्रेत दशावतारात राजाचं काम करतो, हे मला तेव्हा आठवलं. तिथे संवाद लिहिलेले नसतातच. समोरचा जे बोलेल त्यावर उभ्याउभ्या उत्तर द्यायचं.

"महाराज, सीएनजीच्या रांगेत हसायचं विसरलो होतो," रिक्षावाला म्हणाला.

"मग आजपासून तू आमचा सेनापती. पण घोडो खंय बांधलंस? नो पार्किंगात?"

बघता बघता ही गर्दी जमली. क्लास सुटलेली मुलं, देवळातून परतणाऱ्या बायका, सगळे पोट धरून हसत होते, पण बसत कोणी नव्हतं. फुकटची करमणूक कोणाला नको? माझा जीव नुसता खालीवर होत होता. त्यात ऋता लालबुंद होऊन दाराकडे निघालेली दिसली.

नंदूनेही ते पाहिलं असावं. त्याने खर्रकन खुर्ची ओढली. "दरबार भरलाय आणि मानकरी उभे? आमची अब्रू गेली ना. सेनापती, बसा." रिक्षावाला बसला. औषधाच्या दुकानवाल्याला राजवैद्य म्हणून बसवलं. मग माझ्याकडे वळला. "कोठारवाल्या बाईसाहेब, मेथी उचला आणि हयसर बसा."

या कॅफेत पाय ठेवणार नाही असं मी सोसायटीभर सांगितलं होतं. तरी बसले. आणि एवढ्या मानाने बसवल्यावर चहा न मागवता कोण उठेल? ऋता दारातच थबकली. खुर्च्या भरत गेल्या, कप वाजायला लागले, मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

शेवटी ऋता बाहेर आली. नंदूने टोपी काढली. "चुकलं, मॅडम. बोललो."

तिने सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि आत गेली. परत आली ती गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची घेऊन. ती तिने नंदूच्या मागे ठेवली आणि मान लववली. "महाराज, दूध संपलंय. कोणाला पाठवू?"

"सेनापतींना," नंदूच्या तोंडून निघून गेलं. रिक्षावाला हसत उठला आणि दूध आणायला पळाला.

नंदू मात्र उभाच.

"बसा ना, काका," ऋता म्हणाली.

"ड्युटीवर?" त्याने विचारलं, आणि कोणी उठवलंच तर लगेच उठता यावं, असा तो खुर्चीच्या कडेला टेकला.