शेवटची अळूवडी

आमच्या घरी एक नियम आहे. ताटलीत शेवटची अळूवडी उरली की ती थेट उचलायची नाही, आधी इतरांना विचारायचं. मग 'तू घे', 'नको, तूच घे' असं सुरू होतं आणि वडी गारढोण होते. लेकीला हा नियम ती बोलायला लागल्यापासून मी शिकवला. उइटहॉर्न या आमच्या डच गावातल्या व्हॉलीबॉल क्लबात तोच तिच्या मुळावर आला.

लेक तेरा वर्षांची. समोरून सर्व्हिस आली की ती आणि शेजारची मुलगी एकमेकींकडे बघायच्या आणि चेंडू दोघींच्या मधोमध पडायचा. कोच साठीच्या पुढची, खणखणीत आवाजाची बाई. एकदा मला म्हणाली, "युअर डॉटर इज टू पोलाइट."

मी खूश होऊन थँक्यू म्हणाले.

ते कौतुक नव्हतं. पुढच्या तीन सामन्यांत सर्व्हिस नीट घेता आली नाही, तर लेक खालच्या टीममध्ये जाणार होती. घरी येईपर्यंत पोर सायकलवर रडत होती. मला आधी कोचचा राग आला, मग स्वतःचा, कारण बाईचं बोलणं खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरामागच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. नवरा स्लोटरडाइकच्या ऑफिसातून आला की बॅग टाकून सर्व्हिस मारायचा. समोर मी आणि लेक शेजारी शेजारी. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण कोचच्या दोन गोष्टी पाठ केल्या होत्या. हात जोडून स्थिर ठेवायचे, धावायचं पायांनी. आणि चेंडू जाळी ओलांडायच्या आत 'लोस!' ओरडायचं, म्हणजे बाजूला व्हा, हा माझा.

पाय आठवड्याभरात सुधारले. आवाज काही फुटेना.

"आई, इट्स सो रूड!"

"असू दे रूड! चेंडू काय आग्रहाची वाट बघतो?" मी खेकसले आणि मुद्दाम तिच्या वाटचे चेंडू पळवायला लागले. पाच-सहा चेंडू गेल्यावर तिचा पारा चढला. "लोस!" ती किंचाळली, मला खांद्याने उडवलं आणि असा पास दिला की नवऱ्याला जागचं हलावंच लागलं नाही. मी चिखलात बसून टाळ्या वाजवत होते.

पहिले दोन सामने बरे गेले. तिसऱ्यात आम्हाला जिंकायला एकच गुण हवा होता. पलीकडच्या उंच मुलीने सर्व्हिस मारली ती नेमकी दोघींच्या मधे.

"लोस!"

सगळ्या हॉलने ऐकलं. लेक दोन पावलं सरकली, हात जराही हलले नाहीत, आणि चेंडू अलगद पास घेणाऱ्या मुलीच्या डोक्यावर गेला. तिने उचलून दिला, तिसरीने हाणला, जिंकलो! मी एवढी ओरडले की शेजारचे शांत डच आईबाप दचकले. कोच लेकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "यू स्टे." माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी अळूवड्या केल्या. शेवटची एक उरली. नवरा म्हणाला, "तू घे." मी म्हटलं, "नको, तूच घे."

"लोस!" म्हणत लेकीने वडी तोंडात टाकली.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. रागावायला मी तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्यासाठी दुसरा घाणा तळायला उठले.