नव्या टीव्हीत जुनी बदकं

बोंडअळीनं शेतातली कपाशीची पराटी पोखरली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांचा उजवा हात लुळा पडला. झटका हलका होता. बोलणं, चालणं आणि राग शाबूत राहिला. दिग्रसच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात वापरला तर परत येईल, नाही तर असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. "मी का लेकरू आहो?" म्हणून बाबांनी तो डाव्या हातानं फेकला, तो अंगण ओलांडून नेमका गव्हाणीत पडला. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा. मृगात सरकी मातीत टोबायला हाच हात लागणार होता. मला रात्रंदिवस त्याचाच घोर.

नेम ही बाबांची इज्जत. ज्वारी राखताना गोफणीनं कोणता पोपट उडवणार ते आधी सांगायचे. मी शाळेत शिकत असताना बाबांनी माझ्यासाठी यवतमाळहून व्हिडिओ गेम आणला होता, त्यासोबत बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक होती. गेम माझा, पण बंदूक पहिल्याच संध्याकाळी बाबांची झाली. म्हटलं, चेंडू नाही धरला तरी बंदूक धरतील. माळ्यावरून गेम काढला. घरात मात्र आता मी हौसेनं आणलेला चपटा टीव्ही होता.

त्यात अधिक महिना. ताई आणि भाऊजी धोंड्याच्या जेवणाला आले. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आईनं त्यांचे पाय धुऊन पाटावर बसवलेलं. जेवण झाल्यावर विष्णूंनी वायरी हातात घेतल्या.

"आपल्याले येते हे."

गेमला दोन पिना, पिवळी आणि पांढरी. टीव्हीच्या मागं पिवळं भोकच नव्हतं. भाऊजींनी पांढरी पांढऱ्यात घातली आणि उरलेली पिवळी लाल भोकात खुपसली. बदकं ओरडायला लागली, पण दिसेना एकही. पडदा नुसता निळा.

"टीव्ही गरम व्हाले टाइम लागते," भाऊजी म्हणाले.

आम्ही सगळे निळ्याकडे बघत बसलो. विष्णूला वायर कळत नाही, असं म्हणणार कोण? तो हक्क एकट्या ताईचा, आणि तो बजावायला तिनं भाऊजींना स्वयंपाकघरात बोलावलं. तेवढ्यात मी पिवळी पीन काढून हिरव्या भोकात घातली. बदकं दिसली.

"पाहा, झाला ना गरम?" भाऊजी बाहेर येऊन म्हणाले.

बाबांनी बंदूक घेतली. डाव्या हातात. माझा बेत तिथंच फसला. त्यांनी चाप ओढला, बदक उडत गेलं. दुसरंही गेलं. बाबा खुर्ची पुढं पुढं सरकवत गेले. शेवटी नळी पडद्याला टेकली, तरी बदक तिच्यावरून मजेत निघून गेलं.

"बाबा, नेम चुकून राह्यला तुमचा," भाऊजी बोलले.

आईनं देवाला हात जोडले, मग तिच्या लक्षात आलं की बोलला तो देवच. मी घाईघाईनं मोबाइलवर शोधलं आणि बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"बाबा, नेम बरोबर आहे तुमचा. हे बंदूक जुन्या डब्बा टीव्हीवरच चालते. याच्यावर कोणीबी मारलं तरी बदक नाही पडत."

बाबा लालबुंद झाले. अधिकात जावयाला तर काही बोलता येत नाही.

"मंग हे डबडं कायले आणलं बे घरात?" म्हणत त्यांनी माझा कान धरला आणि पिळला. मी तेव्हा चाळिशीचा, शाळेत मास्तर. कळ मस्तकात गेली. बंदूक अजून त्यांच्या डाव्या हातातच होती.

ते आधी आईला दिसलं.

"अवो, उजवा!" ती ओरडली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

बाबा आपल्याच बोटांकडे बघत राहिले.

"सोडू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नका सोडू बाबा," मी म्हटलं. "अजून पिळा."