जांभळी सावली, पोपटी साडी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही फ्रीमाँटला राहायला आलो. नवरा सकाळी फ्रीवेला लागायचा आणि मी दिवसभर घरी, कारण माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूरला मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे. इथे हात रिकामे होते. त्या उन्हाळ्यात सासरे, म्हणजे आमचे बाबा, आले. रेल्वेतून रिटायर झालेले, पासावर अर्धा देश फिरलेले, आणि कुठल्याही गावात गेले की तिथली सगळ्यात जुनी इमारत आधी गाठणारे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, म्हणून ते एकटेच आले.

एका लाँग वीकेंडला आम्ही ड्राइव्ह करत दक्षिणेकडे गेलो, स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेलं एक जुनं चर्च बघायला. जाड मातीच्या भिंती, कमानींचा लांबलचक व्हरांडा, वर घंटा. बाबा भिंतीवरून हात फिरवत हिंडत होते. मी कॅमेऱ्यातला अख्खा रोल संपवला.

फोटो धुऊन आले तेव्हा बाबांनी ते खिडकीशी नेले, डोळ्यांजवळ धरले, लांब धरले, आणि गठ्ठा नीट करून मला परत दिला. छान आलेत, म्हणाले. पण एक फोटो त्यांनी उलटा धरला होता. मग मी आडून आडून विचारत गेले आणि त्यांनी कबूल केलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मुलाला सांगितलं असतं तर त्याने इकडचा प्रवासच कॅन्सल केला असता.

आमच्याकडे कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणलेला एक स्कॅनर होता. काचेखाली दिवा मुंगीच्या चालीने सरकायचा. त्यावर मी एक फोटो स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. तरी बाबांना सगळं धुक्यातच दिसत होतं. मी रंगाची पट्टी थोडी सरकवली, मग आणखी. मळकी भिंत आधी पिवळी झाली, मग एकदम झेंडूसारखी केशरी. मी ती मागे घेणार, तोच बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे. आता कमान दिसून राहिली, बाई."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली की आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसायला लागलो. ते सांगायचे आणि मी रंगवायचे. आकाश मोरपिशी झालं, घंटा हळदीसारखी, छपराची कौलं लालभडक. सावलीवरून मात्र आमचं वाजलं. नकाशे काढून काढून माझ्या डोक्यात सावली म्हणजे करडीच, आणि त्यांना ती जांभळी हवी होती. करडी मला दिसतच नाही, तर ती आहे कशाला, असं ते म्हणाले. मी सावली जांभळी केली, आणि अख्खा व्हरांडा जागा झाल्यासारखा वाटला. तेवढ्यात कॉम्प्युटर हँग झाला आणि सगळं पुसलं गेलं. मी रडायच्या बेतात होते. बाबांनी चहा टाकला. परत रंगवताना माझा हात आधीपेक्षा सैल पडला, आणि ते चित्र पहिल्याहून चांगलं झालं.

मग एक दिवस त्यांनी पाकिटातून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. सांचीचं तोरण आणि त्याखाली उन्हाने डोळे बारीक केलेल्या सासूबाई. त्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तोरण कसंही रंगव, असं बाबा म्हणाले. मी खांब गुलाबी केले, त्यांवर कोरलेले हत्ती निळे केले. त्यांनी हूं हूं केलं. मी साडीवर आले तेव्हा बाबा खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतके पुढे आले.

"ही पोपटी होती."

मी पोपटी रंग भरला. नाही, हा पानाचा झाला. पुन्हा भरला. हा कैरीचा. आम्ही कितीतरी हिरवे रंग करून पाहिले. नवरा ऑफिसातून आला आणि बूट न काढताच मागे उभा राहिला. शेवटी मी त्या हिरव्यात थोडा पिवळा मिसळला, आणि बाबांनी पडद्यावरच्या साडीवर बोट टेकवलं.

"हाच का?" मी विचारलं.

"हाच. भोपाळच्या दुकानात घेतली होती. गाडी चुकली त्या नादात." आणि ते हसायला लागले. त्या चुकलेल्या गाडीची गोष्ट त्यांनी मुलालाही कधी सांगितली नव्हती. ती पुरी होईपर्यंत कुणीच जेवायला उठलं नाही.

ऑक्टोबरात आपल्या लोकांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी शाळेचा एक हॉल घेतला होता. नवऱ्याच्या आग्रहाने आम्ही चित्रांचे प्रिंट काढून तिथल्या भिंतीवर लावले. वंदना झाल्यावर लोक जेवणाच्या रांगेतून निघून चित्रांपुढे थांबू लागले. एक काका म्हणाले, सांचीचा दगड असा नसतो हो. बाबांनी शांतपणे मान्य केलं, नसतो. इथेच जन्मलेल्या एका मुलीने निळ्या हत्तीला बोट लावून विचारलं, "कॅन वी गो देअर?" तिची आई मागेच उभी होती. तिने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की मुलीला मागच्या वर्षी इंडियाला नेलं तर ती सगळीकडे नुसती कंटाळली होती. आमच्याकडे अजिंठ्याचे फोटो पडून आहेत, आणू का, असं तिने विचारलं.

ती पुढच्याच शनिवारी आली. मग दुसरे आले, तिसरे आले. कुणी वेरूळ आणायचं, कुणी दौलताबाद, कुणी ग्रँड कॅनियनच्या वाटेवरची दगडी गढी. माणसं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि बाबा त्यांना विचारायचे, तिथे ऊन होतं का, कोण सोबत होतं, काय खाल्लं. उत्तर ऐकून मला रंग सांगायचे. त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. शनिवारी नवऱ्याला टेबलाशी जागा उरायची नाही. तो ओट्याशी उभ्याने पोळी खायचा आणि तिथूनच ओरडून सांगायचा, बाबा, आकाश अजून थोडं लाल चालेल.