मानेवरचा मळ

ओवी, ईशान — हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्या आजोबांजवळ नाही, तुमच्या बाबांजवळ तर नाहीच.

तुमच्या हॉलमध्ये आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात उजव्या टोकाला एक बारीक बाई उभी आहे, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. ती सुमन, माझी धाकटी जाऊ. तो पदर तिने तसा का घेतला होता, ते सांगायचे आहे.

बोरी बुद्रुकला आमचे एकत्र घर. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. सुमन शेत बघायची आणि बारा माणसांच्या भाकरी थापायची. माझ्याकडे शिस्त — डबे ओळीत, कागद फायलीत, पोरांची नखे दर रविवारी.

लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात सुमनची मान काळी पडू लागली. नुसती काळी नाही, जाडसर, मखमलीसारखी. मला तो मळ वाटला. वाटला, की मी तसे ठरवले? जुन्नरच्या बाजारातून मी वजरी आणली, टाचा घासतात ती, आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवली. ती रोज मान घासायची. एकदा रक्त आले.

"आक्का, लई घासते वो. मळ न्हाई त्यो, आतूनच येतंय."

"आतून मळ येत नसतो, सुमन," मी म्हणाले. घर हसले. तीही हसली.

मग तिचे तळहात टॉवेलसारखे जाड झाले. रेषांत पीठ अडकायचे. जेवण तुटले, ब्लाउज ढिले झाले. मी म्हटले, नवरात्राचे उपास. शेवटी माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुमाला डाक्टरचं कळतं, तुमीच न्या तिला."

मंचरला त्वचेच्या डॉक्टरांनी मान पाहिली, तळहात पाहिले, वजन केले आणि इंग्रजीत एक चिठ्ठी लिहिली. बाहेर रांग होती. तिला एवढेच म्हणाले, "पुण्याला मोठ्या डॉक्टरांना लगेच दाखवा, यात सगळं लिहिलंय." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली — वाचता येणारी मी होते ना.

मी ती एसटी स्टँडवर वाचली. बारीक अंगाच्या बाईची मान या वयात थोड्या महिन्यांत अशी काळी पडली आणि तळहातही जाड झाले, तर पोटात कॅन्सर लपलेला असू शकतो. जठराची तपासणी ताबडतोब करावी. एक शब्द सोडला तर सगळे मला समजले. तो घरी जाऊन डिक्शनरीत पाहिला, तेव्हा उरलेली शंकाही गेली.

"काय लिवलंय?" सुमनने स्टँडवर विचारले.

तुमच्या बाबांचे लग्न सात आठवड्यांवर होते. कार्यालय ठरलेले, पत्रिका छापून आलेल्या. आणि — हेही लिहायला हवे — सहा महिने ज्याला मी मळ म्हणत होते, ते मळ नव्हते हे घरात मलाच सांगावे लागणार होते. यातले कोणते कारण मोठे? तेव्हा मी स्वतःला पहिले सांगितले. आता दुसरे वाटते.

"कातडीचंच आहे," मी म्हणाले. "मलम लावायचं. पुण्याला लग्नानंतर गेलं तरी चालेल."

"मंग वजरी सुटली म्हणायची! लई भ्या वाटत व्हतं, आक्का."

दुसऱ्या दिवशी मी खरेच एक मलम विकत आणले. खोटे टिकवायलाही नीटनेटकेपणा लागतो. सुमनने ते दोन्ही वेळा लावले. लग्नात चांगले दिसावे म्हणून मान पदराने झाकली आणि दोन दिवस राबली.

लग्नानंतर पाचव्या दिवशी मी तिला मंचरला नेले. पहिली चिठ्ठी हरवली, असे मी म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि दुसरी लिहू लागले. पुण्यात कळले की जठरातली गाठ यकृतापर्यंत गेली आहे. दिरांनी विचारले, "दोन महिनं आदी आलो असतो तर?" मोठे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या तीन शब्दांच्या आडोशाला मी फार वर्षे राहिले. त्यांना तारीख माहीत नव्हती. मला होती.

ती चिठ्ठी हरवलेली नाही. कपाटात हिरव्या फायलीत आहे, माझ्या नेमणुकीच्या कागदाखाली. कोपऱ्यात तारीख आहे.

होळीच्या आधी सुमन गेली. शेवटची अंघोळ जावांनी घालायची, म्हणून पाटावर तिला मी धरले. कुणीतरी तांब्याने पाणी ओतत होते. मी तिची मान हाताने चोळली — हळू, खूप वेळ. त्या मानेला मी पहिल्यांदाच हात लावत होते. पाणी स्वच्छच वाहत होते.