जुनिपरसाठी स्थळ

काकांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं, आणि खालच्या काकूंनी आपल्या जुनिपरसाठी स्थळं बघायला सुरुवात केली.

टाउनशिपमध्ये ते दोघं खालच्या क्वार्टरमध्ये, मी एकटी वरच्या. क्वार्टर सोडल्यावर ते कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. तिसरा मजला, एकच बाल्कनी, तीही पश्चिमेची. "दुपारी तिथली भिंत तव्यासारखी तापते," काकू म्हणाल्या. "मी राहीन गं, हे नाही राहणार."

हे म्हणजे उथळ कुंडीतलं हातभर बोन्साय झाड. खोड पिळदार, एका अंगाला झुकलेलं, डोंगरकड्यावर वारा सोसत उभं असल्यासारखं. काकूंनी ते बोटाएवढ्या रोपापासून वर्षानुवर्षं वाढवलं होतं.

मागणारे पुष्कळ होते. काकू प्रत्येकाकडे जाऊन पोहे खाता खाता चौकशी करायच्या. सकाळचं ऊन कुठून येतं? मे महिन्यात सगळेच गावाला जाता का? एका साहेबांच्या घरी टीव्हीशेजारची जागा दाखवली. काकू परत येऊन मला म्हणाल्या, "शोपीस हवाय त्यांना. प्लास्टिकचं घ्या म्हणावं, न्यू मार्केटात ढीग पडलेत."

मलाही ते हवं होतं, आणि का ते सरळ सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईबाबा गोंदियाकडे विड्या वळायचे. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं, नोकरी आपल्या मार्कांवर मिळवली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण आमच्याकडे जुनी वस्तू म्हणजे मोडकी वस्तू. जुनं असून इतकं दिमाखात उभं असलेलं काही मी पहिल्यांदाच बघत होते.

"काकू, मी बॉटनीची ग्रॅज्युएट आहे," मी म्हटलं.

"त्याला सर्टिफिकेट वाचता येत नाही. सगळे ऋतू काढ त्याच्याबरोबर, मग बघू."

झाड माझ्या गच्चीवर आलं. पावसाळ्यात काकूंनी कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवला, म्हणजे पाणी साचत नाही. डिसेंबरात मी त्याला जुनी शाल गुंडाळली, तर त्या हसत सुटल्या. "सोड ती! थंडी हवीच त्याला. थंडीत झोपलं नाही तर पुढे वाढणार कसं?" थंडीतच त्यांनी एका फांदीला तांब्याची तार गुंडाळून ती खाली वळवली, इतक्या सावकाश, की फांदी आपणहून वळतेय असं वाटावं. मी श्वास रोखून बघत राहिले. तार सालीत रुतण्याआधी कापायची, लांबलेले शेंडे एकेक करून काढायचे, सरसकट हजामत नाही. उन्हाळ्यात सकाळचं कोवळं ऊन, मग दिवसभर गच्चीवर झुकलेल्या कडुनिंबाची सावली. आत मात्र कधीच आणायचं नाही.

"आणि एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या होत्या. "हे मेलं तरी कितीतरी दिवस हिरवंच दिसतं."

मे महिन्यात आई आली. काकू लग्नाला नाशिकला गेल्या होत्या आणि मला ऑफिसने आठवडाभर ट्रेनिंगला पाठवलं. आईला बजावलं, "सकाळ-संध्याकाळ पाणी घाल, बाकी हात लावू नकोस."

परतले तर झाड खोलीत, पडदे ओढलेले, कूलरचा गार झोत थेट त्याच्यावर.

"एवढ्या उन्हात लेकराले बाहेर ठेवते का कोणी?" आई म्हणाली. "पाह्य आता, कसं हिरवंगार हाय!"

हिरवं होतंच. मी आधी कूलर बंद केला.

काकू आल्या त्या दिवशीच मी सगळं सांगितलं. त्यांनी झाडावरून हलकेच बोटं फिरवली, माती चाचपली, कुंडी उचलून कडुनिंबाच्या सावलीत ठेवली.

"आता काय करायचं?"

"आता थांबायचं."

पण क्वार्टरच्या किल्ल्या महिनाअखेरीस द्यायच्या होत्या. झाड जगलं की गेलं, हे त्याआधी कळणार नव्हतं. आपलं स्थळ मोडलं, असं मी धरून चालले. आईला जेवण गोड लागेना. शेवटी ती एकटीच खाली गेली. मी जिन्यातून ऐकत होते.

"बाई, चूक माही हाय. माह्यापायी पोरीचं झाड नेऊ नका."

काकू मोठ्याने हसल्या. "अहो, टीव्हीशेजारी ठेवणारे खूप भेटले. उन्हाने त्याचा जीव जाईल म्हणून रात्रंदिवस कूलर लावणारं घर हे एकच! झाड इथेच राहील. फक्त माया जराशी कमी करा."

मी जिन्यातूनच विचारलं, "आणि मेलं असेल तर?"

"तर तुझ्याकडे मेलं. माझ्याकडेही दोन मेलीत. त्याशिवाय का शिकले?"

सामानाचा ट्रक गेला. आईने गावी जाणं लांबवलं. झाडाला आत आणता येत नाही म्हटल्यावर ती स्वतःच बाहेर जाऊ लागली. सकाळी गच्चीवर स्टूल टाकून त्याच्याजवळ तांदूळ निवडत बसायची.

एके दिवशी तिने हाक मारली. गर्द, मलूल हिरव्यातून एका फांदीच्या टोकाला पोपटी ठिपका फुटला होता. मग दुसरा दिसला. आम्ही दोघी वाकून शोधत राहिलो.

मी कोलार रोडला फोन लावला. काकूंनी उचलला, पण मी तोंड उघडायच्या आत आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "लेकरू खुशाल हाय."